वीरगळापासून जर्नलपर्यंत: पुरातत्त्वाचा पहिला शोधनिबंध लिहिताना

गोव्यात सत्तरीत, सांग्यात किंवा काणकोणात कुठल्याही जुन्या देवळाच्या मागच्या अंगाला गेलात, की एखादा तरी कोरीव दगड भिंतीला टेकून उभा असतो. कधी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या स्मरणार्थ कोरलेला ढाल-तलवार घेतलेला वीर, कधी दोन हत्तींच्या मधे बसलेली गजलक्ष्मी, जिला आपल्याकडे केळबाय म्हणून फुलं वाहतात. आपण फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, चार जण अंगठा दाखवतात आणि विषय तिथेच मिटतो. एखाद्याला मात्र वाटत राहतं, की ह्याची कुठेतरी नीट नोंद व्हायला हवी. हा लेख त्याच्यासाठी आहे. एम.ए.चे विद्यार्थी, शाळेत इतिहास शिकवणारे, रविवारी डोंगर पालथे घालणारे, सगळे ह्यात आले. पुरातत्त्वाची पदवी नसली म्हणून अडत नाही.

माझा पहिला पेपर साभार परत आला तेव्हा मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. समीक्षकाचा शेरा वाचला तर इंग्रजीबद्दल त्यात एक अवाक्षर नव्हतं. दगडाची उंची मी 'सुमारे तीन फूट' अशी लिहिली होती आणि जाडी लिहिलीच नव्हती. पुन्हा मोजायला गेलो तर मधल्या वर्षात देवळात नवीन फरशी बसलेली, आणि दगडाचा खालचा पट्टा सिमेंटखाली गेलेला. तेव्हापासून नवीन मंडळींना मी हेच सांगतो, की पेपर जो काय बिघडायचा तो दगडासमोर उभे असतानाच बिघडतो. टेबलावर बसून फक्त ते उघडकीला येतं. त्यामुळे ह्या लेखातली बरीच जागा दगडाला दिली आहे, आणि लेख पाठवायचा कसा ते थोडक्यात उरकलं आहे.

दगडासमोर

देऊळ असेल तर पहिली पायरी देवस्थानची. पुजाऱ्याला, जमल्यास समितीच्या अध्यक्षांना भेटा, आपण कोण, काय करणार, ते सांगा. फोटो छापण्याची परवानगी तोंडी मिळाली तरी चालेल असं वाटतं, पण नियतकालिक पुढे लेखी मागू शकतं. एका कागदावर चार ओळी लिहून सही घेणं तेव्हा सोपं असतं, सहा महिन्यांनी नाही. तीच गोष्ट खासगी कुळागराची. मालकाला न विचारता माडापोफळींत शिरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो वापरू नका.

मग कायदा. जागा केंद्रीय संरक्षित असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा लागू होतो आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या गोवा मंडळाशी बोलावं लागतं. राज्य संरक्षित असेल तर आपला १९७८ चा कायदा आणि पणजीतलं राज्याचं पुरातत्त्व खातं. जमीन उकरायची नाही. एक इंचसुद्धा नाही. उत्खननाला रीतसर परवाना लागतो आणि 'पावसाने माती वाहून गेली होती, मी फक्त हाताने थोडी सारली' ही सबब कोणी ऐकत नाही. पृष्ठभागावर नाणं किंवा मूर्ती दिसली तर जागच्या जागी फोटो काढा आणि खात्याला कळवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, त्यामुळे 'घरी नेऊन अभ्यास करतो' हा विचार मनातून काढून टाका. अशा मार्गाने आलेल्या वस्तूवरचा लेख चांगलं नियतकालिक छापतही नाही.

आता मोजमाप. वीरगळ समोर आहे असं धरू. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, आणि उंचीच्या पुढे 'जमिनीवरची' हा शब्द लिहा, कारण दगड किती खोल पुरलाय ते तुम्हाला दिसत नाही. पट्टे किती आहेत ते खालून वर मोजा. साधारणपणे तळाला लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्य-चंद्र आणि कलश असा क्रम असतो. पण तुमच्या दगडावर तो तसाच आहे असं गृहीत धरून लिहू नका, एकेक पट्टा बघून लिहा. वीर डावखुरा आहे का? ढाल गोल की लांबट? खाली पडलेली आकृती एक की दोन? आपल्याकडे होडीतल्या लढाईचे वीरगळही मिळतात. तिथे वल्ही मोजा, डोलकाठी आहे का पाहा, नाळ कुठल्या बाजूला आहे ते टिपा. गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांच्या आरमाराबद्दल पुढे कोणी लिहील तेव्हा त्याला तुमच्या विशेषणांचा काही उपयोग नसतो. वल्ह्यांचा आकडा मात्र लागतो.

आकड्यांची ही शिस्त शिकायला दामोदर कोसंबींची आठवण ठेवावी. १९०७ साली गोव्यातच कोसंबे इथे जन्मलेला हा गणितज्ञ प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून केलेल्या, नाण्यांच्या वजनांकडे वळला. चलनात फिरून नाणं किती झिजतं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या काळातली चालू नाणीदेखील तोलली. जुन्याबद्दल बोलायचं तर तुलनेला काय आहे, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. तुमच्यापाशी एक वीरगळ असेल तर शेजारच्या तीन गावांतले चार आणखी मोजा. एका दगडाची ती बातमी होते आणि पाचांचा लेख होतो.

दगड कुठला, ते लिहा. आपण चिरा म्हणतो, रत्नागिरीकर जांभा म्हणतो, आणि समीक्षक लखनऊचा असेल तर त्याला दोन्ही शब्द परके. लेखात लॅटराइट हा भूशास्त्रातला शब्द वापरा, कंसात स्थानिक नाव द्या. (हा शब्द बुकॅनन ह्या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टराने केरळातल्या आंगडिपुरमचे चिरे पाहून १८०७ च्या पुस्तकात रूढ केला, विटेच्या लॅटिन नावावरून. चिरे विटेसारखे कापून काढतात ते पाहून.) पण वीरगळ बहुधा चिऱ्याचे नसतात, कारण चिऱ्यावर इतकं बारीक काम टिकत नाही. दगड काळा दिसला म्हणून 'बेसॉल्ट' लिहून मोकळे होऊ नका. तेलाने काळा झालेला शिस्ट नावाचा वेगळा दगडही तसाच दिसतो. खात्री नसेल तर 'गडद रंगाचा, बारीक कणांचा दगड' इतकंच लिहा, किंवा एखाद्या भूशास्त्राच्या शिक्षकाला बरोबर न्या. मी नेलं होतं. त्यांनी दोन मिनिटांत माझं वर्षभराचं बेसॉल्ट खोडून टाकलं.

दगड मूळ जागीच आहे का, हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित. जीर्णोद्धारात मूर्ती आणि वीरगळ हलतात. म्हाताऱ्या माणसांना विचारा, 'पूर्वी खंय आसलो?' (पूर्वी कुठे होता?) आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहा. मला एका आजोबांनी सांगितलं होतं, 'तो आमचो राखणदार, तळ्याकडेन आसलो.' त्या एका वाक्यामुळे माझ्या लेखाचा नकाशाच बदलला, कारण तळ्यापाशी गेलो तर तिथे जुन्या भिंतीचा पाया होता. वीरगळाला लोक राखणदार म्हणून पुजतात ही माहितीही लेखात यायला हवी. इतिहासकाराला तो मेलेला वीर, गावाला जिवंत देव. दोन्ही लिहा, पण कुठलं कोणाचं ते वेगळं ठेवा.

फोटो काढताना प्रत्येक बाजूचे दोन, एक मोजपट्टी ठेवून आणि एक न ठेवता. नाणं, पेन, चप्पल ही मोजपट्टी होत नाही. झिजलेलं कोरीवकाम दुपारच्या उन्हात सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा चारनंतर तिरपं ऊन येतं तेव्हा जा, नाहीतर रात्री टॉर्च बाजूने धरा. मागच्या वेळी 'वीराच्या हातात धनुष्य' म्हणून लिहिलेलं शस्त्र टॉर्चच्या उजेडात निमूटपणे कट्यार झालेलं मी पाहिलं आहे.

आणि खडू नको. मीही केलंय ते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्या पांढऱ्या खडूने भरल्या होत्या. फोटो झकास आला, पण त्यात दिसत होतं ते मला जे दिसावंसं वाटत होतं तेच. शिवाय दगडाचं नुकसान झालं ते वेगळं. पावसाळ्यानंतर शेवाळ असेल तर खरवडू नका, फेब्रुवारीपर्यंत थांबा, आपोआप सुकतं. शाईचा ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, परवानगीनेच. त्याऐवजी सगळ्या बाजूंनी, एकावर एक येतील असे साठ-सत्तर फोटो काढलेत तर संगणकावर त्यांची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते आणि दगडाला हातही लागत नाही.

हे आधी कोणी लिहिलंय का?

'अज्ञात', 'दुर्लक्षित', 'प्रथमच सापडलेला', हे तीन शब्द पहिल्या मसुद्यात हमखास असतात. समीक्षकाची पेन्सिलही प्रथम तिथेच पडते. कुशावती नदीच्या काठावर पणसायमळची कातळशिल्पं १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली. ती गोल गोल वळणांची चक्रव्यूहासारखी आकृती, ते बैल आता जगाला ठाऊक झालेत, २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेले. पण तिथे 'शोध लागला' म्हणायचं तर तो लावला कोणी? गावच्या माणसांना त्या रेषा लहानपणापासून माहीत होत्या, त्यांनीच दाखवल्या. म्हणून 'शोध' लिहिण्यापेक्षा 'प्रथम नोंद' लिहावं, आणि कोणी दाखवलं त्याचे आभार मानावेत. हे सौजन्य आहेच, शिवाय वस्तुस्थितीही तीच आहे.

आधीचं लेखन शोधायला गोव्यात सोय चांगली आहे. पणजीत पाटोवरची कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही संस्था १८३२ ची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. तिथला गोवा विभाग आधी. पर्वरीचं इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर, ताळगावच्या पठारावर विद्यापीठाचं ग्रंथालय, समुद्राशी संबंधित विषय असेल तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पुराभिलेखागाराची परंपरा तर १५९५ पासूनची, दियोगु द कोउतु ह्या इतिहासकारापासून सुरू झालेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा १९५३-५४ पासूनचा आहे, त्यात गोव्याची पानं गोवामुक्तीनंतरच्या अंकांमध्ये बघा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन ओळींची नोंद तिथे निघते आणि तुमचं 'प्रथमच' वाचतं किंवा बुडतं.

पोर्तुगीज येत नाही म्हणून ते सगळं सोडून देण्याची आपल्या मराठी अभ्यासकांची खोड आहे. १९०४ पासून इथल्या पुरातत्त्व आयोगाचं 'ओ ओरिएंती पोर्तुगेझ' नावाचं नियतकालिक निघत असे. शिलालेख, ताम्रपट, चर्चच्या पाट्या, बरंच काही त्यात आहे. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपने निदान आपल्या गावाचं नाव कुठल्या पानावर आहे तेवढं कळतं. पुढचं वाचायला जाणकार शोधा. आपल्या प्रत्येक वाड्यात अजून एखादे पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा निघतात, आणि त्यांना विचारायला कोणी गेलं तर ते खूश होतात.

कुठे पाठवायचं, हे लिहिण्याआधी ठरवा

लेख पूर्ण करून मग जर्नल शोधणारे फार. ते उलटं आहे. शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, चित्रांची संख्या ही सगळी त्या-त्या नियतकालिकाची असते. एकाच्या मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याला घालताना सगळी शिवण उसवावी लागते.

भारतातली ठळक नावं सांगतो. पुण्याहून निघणारं 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' १९७७ पासून चालू आहे. प्रागैतिहासिक काळ, दगडी हत्यारं, पर्यावरण असा विषय असेल तर ते. दिल्लीच्या इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटीचं 'पुरातत्त्व', साठीच्या दशकात सुरू झालेलं, त्याचा आवाका मोठा. केरळ विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचं 'हेरिटेज' हे ऑनलाइन वार्षिक नवीन लेखकांनाही जागा देतं आणि वाचायला मोफत आहे. बुडालेली जहाजं, दगडी नांगर, जुनी बंदरं असा विषय असेल तर 'जर्नल ऑफ मरीन आर्किऑलॉजी' आपल्या दोनापावलाचंच, पण ते अजून निघतं का ते आधी विचारून घ्या. प्रयोगशाळेतलं विश्लेषण मुख्य असेल तर बंगळुरूचं 'करंट सायन्स'. परदेशात 'साउथ एशियन स्टडीज' आणि १९२७ पासूनचं 'अँटिक्विटी', पण पहिल्याच लेखाला 'अँटिक्विटी' गाठायला जाऊ नका. मराठीत लिहायचं असेल तर धुळ्याच्या राजवाडे मंडळाचा 'संशोधक' आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक. वीरगळ, देवळं, शिलालेख ह्या विषयांना मराठीत जाणता वाचक आहे, आणि गावातला माणूसही तो लेख वाचू शकतो. माझं मत विचाराल तर पहिला लेख मराठीतच लिहावा.

दर्जा कसा ओळखायचा? विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये आयोगाने ती बंदही केली, म्हणून 'केअरमध्ये आहे' एवढ्यावर आता विसंबता येत नाही. साधी कसोटी अशी, की त्या नियतकालिकाचे मागचे तीन अंक उघडा. तुम्ही ज्यांचं वाचता त्यांतल्या कोणी तिथे लिहिलंय का? संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का? ज्या नियतकालिकात एकाच अंकात पुरातत्त्व, दंतवैद्यक आणि शेअर बाजार असतो, जे तीन दिवसांत स्वीकृती कळवतं आणि चौथ्या दिवशी पैसे मागतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. खुल्या प्रवेशाच्या चांगल्या नियतकालिकांतही काही शुल्क घेतात, हे खरं. पण ते आधी जाहीर असतं आणि समीक्षा झाल्यावर लागतं.

एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. लग्नाच्या स्थळासारखा दहा जणांना बायोडाटा पाठवायचा नाही. उघडकीला आलं तर सगळीकडची दारं बंद होतात.

लिहिताना

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी चित्रं एका ओळीत मांडा. नकाशा, जागेचं दृश्य, दगड, त्याचे तपशील, तुलनेचे दगड. प्रत्येकाखाली पूर्ण ओळ लिहा. मग त्या चित्रांचं वर्णन, मग चर्चा, मग निष्कर्ष. त्यानंतर प्रस्तावना आणि अगदी शेवटी दीडशे ते अडीचशे शब्दांचा सारांश. सारांशात 'ह्या लेखात चर्चा केली आहे' असं मोघम लिहिण्यापेक्षा काय सापडलं तेच सांगा. 'सत्तरीतल्या चार गावांतून पाच वीरगळांची नोंद, त्यांपैकी दोन होडीचे' असं.

वर्णन आणि मत ह्यांच्यामध्ये भिंत ठेवा. मुरगावच्या समुद्रात सुंची रीफपाशी बुडालेल्या जहाजावरचं काम ह्यासाठी बघण्यासारखं आहे. तिथे लोखंडी तोफा निघाल्या, मर्तबान घाटाची भांडी, चिनी मातीचे तुकडे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात. आधी ही यादी, मोजमापांसकट. मग त्यावरून सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज असावं, हा तर्क. पाणघोडा भारतात नाही, तो आफ्रिकेतला. तेव्हा ते दात काय सांगतात हे वाचकाला यादी वाचतानाच कळू लागतं. तर्क उद्या कोणी खोडेल, पण यादी तशीच राहते.

काळ ठरवताना सर्वांत जास्त घसरगुंडी होते. पणसायमळच्या आकृत्यांना कोणी मध्याश्मयुगीन म्हणतं, कोणी नवाश्मयुगीन. चिऱ्यात कोरलेल्या रेषेचं कार्बन-१४ करता येत नाही, त्यात कार्बनच नाही. शैलीवरून बोललात तर 'शैलीवरून' असं लिहा. वीरगळाच्या बाबतीत 'कदंबकालीन' हा शब्द इतका सैल झालाय, की तो काढून टाकला तरी वाक्य तसंच राहतं. शस्त्र, वेशभूषा, मुकुटाची घडण, काहीतरी आधार द्या आणि तुलनेचा लेखयुक्त, म्हणजे ज्यावर तारीख आहे असा दगड दाखवा. शक दिला असेल तर इसवीसन करताना ७८ मिळवा, आणि तिथी जानेवारी ते चैत्रापूर्वीची असेल तर ७९. शक चालू की गत (चालू वर्ष मोजलंय की संपलेली वर्षं) हाही प्रश्न असतो, म्हणून वार आणि तिथी जुळवून पाहा.

कार्बनची तारीख असेल तर प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ वय आणि त्याची चूक-मर्यादा, कुठल्या पदार्थावरून काढली आणि मूळ वयाचं कॅलेंडरातल्या वर्षांत रूपांतर करणारा कुठला कॅलिब्रेशन वक्र वापरला हे सगळं द्यावं लागतं. नुसतं 'इ.स. १०५०' पुरत नाही. खाडीकाठच्या शिंपल्यावरून काढली असेल तर आणखी सावध राहा. समुद्रातला कार्बन जुना असतो, त्यामुळे शिंपला आपलं वय वाढवून सांगतो.

शब्दांच्या मापाचं एक उदाहरण जुन्या गोव्याचंच. सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये उत्खनन झालं, तिथे मिळालेल्या अस्थींवर हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि त्या जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या असाव्यात असं दिसलं. राणी १६२४ मध्ये शिराजला मारली गेली होती. इतका नाट्यमय विषय, जागतिक बातमी. तरी २०१४ च्या त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच इंग्रजीत 'बहुधा' हा शब्द आहे. अवशेष पुढे २०२१ मध्ये सन्मानाने जॉर्जियाला गेले. मथळ्यात 'बहुधा' होतं म्हणून काही अडलं नाही.

गावांच्या नावांचं काय करायचं? इंग्रजीत लिहिताना गोव्यात हे डोकं खाणारं प्रकरण आहे. साखळी, सांगे, डिचोली, पेडणे, सगळ्यांची सरकारी रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची, शेवटी 'एम' लावलेली. तो 'एम' म्हणजे नुसता अनुस्वार, नाकातला सूर, पण दिल्लीचा वाचक तो म्हणून दाखवतो आणि गावाचं नावच बदलून जातं. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे सरकारी स्पेलिंग द्या, शेजारी देवनागरी, तालुक्याचं नाव, आणि पुढे लेखभर तेच एक रूप ठेवा. चांदर आणि चंद्रपूर एकच आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, वाचकाला सांगायला हवं.

देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ होते, आणि ती भेळ तशीच छापून आलेली मी पाहिली आहे.

नकाशा आणि चित्रं

जागेचे अक्षांश-रेखांश नेमके छापू का? उघड्यावरच्या मूर्तीचे किंवा राखण नसलेल्या जागेचे नको. दोन दशांशांपर्यंत दिले तर जागा साधारण एक किलोमीटरच्या टप्प्यात कळते, अभ्यासकाला तेवढं पुरतं आणि चोराला पुरत नाही. नेमके आकडे खात्याला द्या आणि लेखात तसं लिहा.

फोटो छपाईला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), रेखाचित्र ६०० किंवा त्याहून जास्त. म्हणजे आठ सेंटिमीटर रुंदीच्या रकान्यात बसणाऱ्या फोटोला साधारण ९४५ पिक्सेल रुंदी हवी. व्हॉट्सअ‍ॅपने आलेला फोटो वापरू नका, तो वाटेतच चेपलेला असतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल ड्राइव्हवरून मागवा. चित्राच्या खाली '१:३' असं प्रमाण लिहू नका, छापताना चित्र लहानमोठं झालं की ते खोटं ठरतं. त्याऐवजी चित्रातच सेंटिमीटरची पट्टी काढा, ती चित्राबरोबर आकसते. खापराच्या चित्रात मधोमध उभी रेघ, एका अंगाला छेद आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची बाजू, ही रूढ पद्धत आहे. ती एका दुपारी शिकता येते, पण शिकवणारा हवा.

पाठवताना

संदर्भांची यादी झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून भरत जा. शेवटच्या रात्री हाताने करणाऱ्याला पानांचे आकडे सापडत नाहीत.

बहुतेक ठिकाणी समीक्षा दोन्ही बाजूंनी नाव झाकून होते. फाइलमधून नाव काढायचं असतं. फाइलच्या गुणधर्मांतून, चित्राच्या ओळीतल्या 'छायाचित्र: लेखक' मधून, आणि 'मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' ह्या वाक्यातूनही. आभार वेगळ्या पानावर. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं: लेखात नवीन काय, हे दुसरीकडे पाठवलेलं नाही, चित्रांची परवानगी आहे. सहलेखक असतील तर क्रम आधीच ठरवा, बसून, चहा घेत. नंतर ठरवलेल्या क्रमाने मैत्र्या तुटलेल्या आहेत. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य खपतं, पण टक्क्यांकडे बघून लिहू नका. दुसऱ्याचं वाक्य असेल तर अवतरणात घ्या आणि नाव द्या. भाषा सुधारायला एआयचं साधन वापरलं असेल तर तेही कळवा. ते साधन लेखक म्हणून मात्र लावता येत नाही.

परत आल्यावर

उत्तर यायला तीन महिने लागतात, कधी वर्ष. 'स्वीकारला' असं पहिल्याच फेरीत जवळपास कोणालाच येत नाही. 'मोठ्या दुरुस्त्या' आलं म्हणजे दार उघडं आहे. शेरे वाचा, राग आला तर पत्र मिटवून दोन दिवस बाजूला ठेवा. मग दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे समीक्षकाचं प्रत्येक वाक्य क्रमाने, उजवीकडे तुम्ही काय केलं आणि कुठल्या पानावर. पटलं नसेल तिथे कारण देऊन नाही म्हणा. मला एकदा शेरा आला होता की 'राखणदार' हा लोकसमज आहे, तो काढून टाकावा. मी काढला नाही. उलट आजोबांचं वाक्य तारखेसह आणि तळ्याजवळच्या पायाचा फोटो जोडला. दुसऱ्या फेरीत तो शेरा आला नाही.

मुद्रितं (छपाईआधी तपासायला येणारी पानं) आली की आकडे, गावांची नावं आणि चित्रांच्या ओळी बघा, वाक्यं सुधारायची वेळ गेलेली असते. माझ्या मुद्रितात 'वीरगळ' चा सगळीकडे 'वीरगळा' झाला होता, तेवढं धरलं.

छापून आल्यावर एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला, एक पाटोवरच्या ग्रंथालयाला, एक देवस्थानला. इंग्रजीत असेल तर सोबत दोन पानांचा मराठी गोषवारा टाका. मी नेलेली प्रत देवस्थानच्या लोखंडी कपाटात पावतीपुस्तकांच्या शेजारी ठेवली आहे. पुजाऱ्याने ती उघडून पहिल्यांदा फोटो बघितला, मग खालची उंची बघितली, आणि टेप मागवून बाहेर गेला.